सुई हातात घेण्यापूर्वी

(आपल्या दवाखान्यांतील आरोग्य सहायिकांच्या प्रशिक्षण वर्गाचा समारोप तलासरी येथे झाला. त्या वेळी वर्ग घेणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकेने केलेले भाषण वाचकांसाठी देत आहोत. – संपादक)



फादर मला म्हणाले होते, "बाई, वीस मिनिटे बोला. मुलींची उजळणी होईल आणि इंजेक्शन-औषधांचे काम म्हणजे नेमके काय, हे पाहुण्यांनाही कळेल." मला भाषण करण्याची सवय नाही. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर चौतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले, तेवढीच माझी शिदोरी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी बरीच वर्षे मी कागदावर 'जिल्हा ठाणे' असेच लिहीत होते.

सुरुवात एका चुकीपासून करते. ती चूक माझी स्वतःची आहे.

माझे प्रशिक्षण संपून वर्ष झाले होते. एका लहानशा दवाखान्यात मी एकटीच होते. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येत, त्या दिवशी ते नव्हते. पावसाळा होता. एक वारली बाप आपल्या चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन, दोन ओढे ओलांडून आला. मुलाला ताप होता. पण मूल शुद्धीवर होते, पाणी पीत होते, औषध गिळू शकत होते. मी पॅरासिटामॉल काढले. बाप म्हणाला, "बाय, गोळी नको, सुई मार. एवढ्या लांबून आलोय." मी एकदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा मात्र कपाटातून तापाचे इंजेक्शन काढले. डॉक्टरांची लेखी सूचना नव्हती. मुलाला कसे धरायचे हेही मी बापाला नीट सांगितले नाही. कुल्ल्यावर सुई टोचताना मुलाने लाथ झाडली, अंग वळवले आणि सुई खाली, आतल्या बाजूला गेली. मूल किंचाळले. सगळीच मुले किंचाळतात, असे मी मनाला सांगितले.

चार दिवसांनी बाप पुन्हा आला. ताप गेला होता, पण मुलाचे उजवे पाऊल लोंबत होते. चालताना पावलाचा पुढचा भाग उचलला जात नव्हता. बाप म्हणाला, "ताप पायात उतरला." काय झाले ते मला त्याच क्षणी कळले. कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरणारी सायटिक नस असते, तिला माझे इंजेक्शन लागले होते. आणि मी काय केले? मी मान हलवली. "होईल हळूहळू बरा," म्हणाले. रजिस्टरमध्ये काही लिहिले नाही. डॉक्टरांनाही सांगितले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते. मुलींनो, या वर्गात मी तुम्हाला जे जे शिकवले, ते त्या पावलाने मला शिकवले आहे.

आधी विचारा: सुई हवीच का?

आपल्या पाड्यांवर सुईवर फार विश्वास आहे. गोळी म्हणजे साधे औषध आणि सुई म्हणजे खरे औषध, असे लोकांना वाटते. यात लोकांचा दोष नाही. मोटारसायकलला बॅग अडकवून पाड्यापाड्यांवर फिरणारे लोक वर्षानुवर्षे हेच शिकवत आले. या शतकाच्या सुरुवातीला देशभर एक मोठी पाहणी झाली. तिच्यात आढळले की आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या दर शंभर इंजेक्शनांपैकी साठाहून अधिक इंजेक्शने कोणत्या ना कोणत्या प्रकारे असुरक्षित होती. आपल्या शेजारच्या गुजरातेत, मोडासा भागात २००९ साली काविळीची भयंकर साथ आली. तिच्यामागे वापरलेल्या सुया पुन्हा वापरणे हे कारण होते. कितीतरी माणसे त्यात दगावली. ती माणसे बरी होण्यासाठीच दवाखान्यात गेली होती.

सुई कधी हवी? लस द्यायची असेल तेव्हा. रुग्ण बेशुद्ध असेल, गिळू शकत नसेल किंवा पोटात काहीच ठरत नसेल तेव्हा. किंवा ते औषध तोंडाने देताच येत नसेल तेव्हा, जसे इन्सुलिन. आणि या सगळ्यांत डॉक्टरांची लेखी सूचना असेल तेव्हाच. बाकी बहुतेक वेळी गोळी, सिरप किंवा मीठ-साखरेचे पाणी तेच काम करते.

तुम्हाला लोकांना पटवून द्यावे लागेल, म्हणून तीन उदाहरणे लक्षात ठेवा. पहिले विंचवाचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात कोकणात दाखवून दिले की तांबड्या विंचवाच्या दंशात माणसाचे प्राण वाचवणारे औषध प्राझोसिन आहे. ती साधी गोळी आहे. दुसरे क्षयाचे. पूर्वी क्षयाच्या काही रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन रोज दोन महिने घ्यावे लागे, कुल्ले सुजून जात. आज साध्या क्षयाचा सगळा उपचार गोळ्यांनी होतो. तिसरे जुलाबाचे. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात घालून घोटघोट पाजणे आणि चौदा दिवस झिंक देणे, एवढ्याने बहुतेक मुले सावरतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, त्याहून लहान बाळाला १० मिग्रॅ. मूल पीतच नसेल, डोळे खोल गेले असतील, सुस्त पडले असेल, तर मात्र थांबायचे नाही, गाडी बोलवायची. पण सलाइन चढवले की ताकद येते, हा गैरसमज आहे.

याचा अर्थ गावातल्या बाईने सुई धरूच नये असा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ साली ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम सुरू केले. तिथे तुमच्यासारख्याच, फार न शिकलेल्या बायकांनी रक्तात जंतू गेलेल्या बाळांना जेंटामायसिनचे इंजेक्शन दिले आणि बाळे वाचवली. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने खेड्यातल्या, कधी शाळेत न गेलेल्या बायकांवर आरोग्याचे काम सोपवले होते. ते जमले, कारण या बायका ठरवून दिलेले तेवढेच करत, तपासून घेत आणि जे आपले नाही ते पुढे पाठवत.

कोणाला, काय, किती

सुई हातात घेण्यापूर्वी पाच गोष्टी बरोबर आहेत का ते पाहायचे: माणूस, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ. हे पुस्तकात असते, पाठही होते. आपल्या भागात त्यांचा अर्थ काय, ते सांगते.

माणूस बरोबर. आपल्याकडे सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, शुक्रवारी जन्मला तो शुक्र्या. एका पाड्यावर चार मंगळ्या सहज सापडतात. म्हणून "मंगळ्या तूच का?" असे कधी विचारायचे नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुझे नाव काय, बापाचे नाव काय, पाडा कोणता?" असे विचारायचे आणि त्याच्या तोंडून येऊ द्यायचे. मग केसपेपरशी ताडून पाहायचे. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का, हेही त्याच वेळी विचारायचे. बाईला दिवस गेले आहेत का, हे बाजूला घेऊन विचारायचे.

औषध बरोबर. लेबल तीनदा वाचायचे: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि देण्यापूर्वी. मुदत बघायची. पाणी गढूळ झाले असेल, तळाशी काही बसले असेल, लेबल पुसले असेल, तर ती बाटली बाजूला. दुसऱ्या कोणी भरून ठेवलेली सिरिंज कधी टोचायची नाही.

मात्रा बरोबर. लहान मुलाच्या बाबतीत आधी वजन. अंदाज नाही, काटा. पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. एका वेळची मात्रा दर किलोला १५ मिग्रॅ धरली, तर १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ हवे. सिरप ५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅचे असेल तर ६ मिली होतात. तेच सिरप ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅचे असेल तर ३ मिली. आणि थेंबांची बाटली असेल, तर तिच्या एका मिलीतच १०० मिग्रॅ असतात. तिच्यातून चमचाभर दिले तर पाचशे मिग्रॅ गेले! तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या, आत ताकद वेगळी. म्हणून आईला "एक चमचा" असे कधीही सांगू नका. घरातला चमचा कोणता, हे आपल्याला माहीत नसते. बाटलीच्या टोपणावर पेनने रेघ मारून द्या.

इन्सुलिनमध्ये असाच सापळा आहे. आपल्याकडची बाटली बहुधा एका मिलीत ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. बाटली एक आणि सिरिंज दुसरी झाली, तर माणूस कोसळतो. आणि दशांश चिन्ह तर जीव घेते. २ किलोच्या बाळाला १० मिग्रॅ जेंटामायसिन लिहिले असेल आणि कुपी एका मिलीत ४० मिग्रॅची असेल, तर होतात ०.२५ मिली. टिंब सरकले की अडीच मिली, दहापट. म्हणून बाळाच्या मात्रेचा हिशेब दोघींनी वेगवेगळा करायचा आणि उत्तर जुळल्याशिवाय सुई उचलायची नाही. दुसरी कोणी नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा. फोनला रेंज नसेल तर रेंज येईल तिथपर्यंत चालत जायचे. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

जागा आणि हात

मार्ग बरोबर, म्हणजे औषध कुठे जायचे ते. बीसीजी डाव्या दंडाच्या वरच्या भागात, कातडीच्या थरात, सुई जवळजवळ आडवी धरून. गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडात कातडीखाली, सुई तिरकी. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या अंगाला, स्नायूत, सुई सरळ उभी. एकच लस दंडात की मांडीत, कातडीत की स्नायूत, यावर ती लागू पडणार की गळू होणार, हे ठरते.

तान्ह्या आणि लहान मुलांना कुल्ल्यावर इंजेक्शन द्यायचे नाही. कधीच नाही. मांडीची बाहेरची बाजू धरायची. तिथे स्नायू भरलेला असतो आणि मोठी नस नसते. मोठ्या माणसाला दंडात द्यायचे असेल तर खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून. आणि मूल आईच्या मांडीवर हवे, आईचा एक हात मुलाच्या हातांवर, मुलाचे पाय तिच्या पायांत. ते कसे धरायचे हे आईला आधी करून दाखवायचे. माझ्या हातून त्या दिवशी हेच राहिले होते.

हात साबणाने धुवायचे. पाणी कमी असेल तर हाताला लावायचे सॅनिटायझर. एक सुई, एक सिरिंज, एकदा, एकालाच. टोचून झाल्यावर सुईला टोपण परत घालायचे नाही. आपल्या लोकांना अनेकदा सुया टोपण घालतानाच टोचतात. सुई तिथल्या तिथे हब कटरने कापायची. सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. हा २०१६ चा सरकारी नियम आहे आणि आपल्या दवाखान्यामागे खेळणाऱ्या मुलांसाठी तो पाळायचा आहे. तुम्हालाच सुई टोचली, तर जखम दाबून पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचे. एचआयव्हीपासून वाचवणारे औषध दोन तासांत मिळाले तर उत्तम, बहात्तर तासांच्या पुढे उपयोग नाही. लाजेने एक दिवस जरी गेला, तरी नुकसान तुमचेच.

इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास व्हरांड्यात बसवायचे. शेवटची गाडी चुकते म्हणून लोक घाई करतात. तरी बसवायचे. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, श्वास अडकणे, नाडी जलद पण क्षीण लागणे, असे काही दिसले तर हाक मारायची. ॲड्रेनॅलिनची कुपी ट्रेमध्ये असल्याशिवाय पहिले इंजेक्शन द्यायचेच नाही. मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, हे डॉक्टरांच्या कायम लेखी सूचनेत आहे. ती सूचना भिंतीवर लावली आहे, कारण त्या वेळी डोके चालत नाही.

सापाबद्दल थोडेसे. डहाणूत आयसीएमआरचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या लोकांनी आपल्या भागातल्या सर्पदंशावर काम केले आहे, त्यात भगतांनाही बोलावून समजावले आहे. भगताशी भांडू नका. त्याच्याकडून रुग्ण लवकर आपल्याकडे आला, तर तोही मदतनीसच. सर्पदंशाच्या रुग्णाला आपण कुठलेही इंजेक्शन स्नायूत टोचायचे नाही. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठत नाही, टोचल्या जागी रक्त साचत जाते. धनुर्वाताचे इंजेक्शन म्हणजे सापावरचा उपचार नव्हे. हात-पाय न हलवता बांबूच्या पट्टीला बांधायचा, धीर द्यायचा आणि थेट डहाणू, कासा किंवा जवळ पडेल त्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे. सर्पविषावरची लस तिथेच, डॉक्टरांच्या समोर द्यायची असते.

गोळीचे काम

सुईला लोक मानतात म्हणून तिच्याकडे आपले लक्ष असते. गोळी मात्र आपण पुडीत बांधून खिडकीतून देतो आणि विसरतो. गोळीनेही माणूस मरतो. हिवतापावरची प्रायमाक्विन घ्या. आपल्या भागातल्या काही आदिवासी कुटुंबांत जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य रक्तात जन्मापासून कमी असते. अशा माणसाला प्रायमाक्विन दिली तर रक्तपेशी फुटतात, लघवी चहासारखी काळी होते. म्हणून प्रायमाक्विन आपल्या मनाने नाही. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला तर नाहीच. आणि ज्यांना दिली त्यांना सांगायचे: लघवी काळी झाली तर गोळी थांबव आणि ये.

वेळ बरोबर, हे गोळीच्या बाबतीत सर्वांत अवघड. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर किंवा गुजरातेत कामाला जातो. पाच दिवसांचा डोस दोन दिवसांत थांबतो, कारण ताप गेला आणि ट्रक आला. म्हणून औषध देताना आधी विचारा, "उद्या इथेच आहात ना? कुठे जाणार?" जाणार असतील तर पूर्ण डोस बांधून द्या आणि कोणते औषध सुरू आहे त्याची चिठ्ठी द्या, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात दाखवता येईल. वाचता येत नसेल त्यांच्या पुडीवर सकाळच्या गोळीला कोंबडा, दुपारच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढा. वारल्यांच्या भिंतीवर सूर्य-चंद्र असतातच, समजायला वेळ लागत नाही. आणि मग म्हणा, "आता तू मला सांग, कशी घेशील?" त्यांनी उलट सांगितले, की मगच तुमचे काम झाले.

हितचिंतकांना विनंती

आता पाहुण्यांशी थोडे बोलते. आपण आमच्यासाठी पुष्कळ करता, त्याची जाणीव या मुलींना आहे. पण एक गोष्ट मन मोकळे करून सांगते. दरवर्षी आमच्याकडे पिशव्या येतात. त्यांत घरी उरलेल्या गोळ्या असतात, अर्ध्या पट्ट्या, नाव कापून गेलेल्या, मुदत संपत आलेल्या. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, कुठल्याशा परदेशी खोकल्याचे औषध. देणाऱ्याचे मन मोठे असते. पण ती पिशवी उघडून निवडायला दोघींचा एक दिवस जातो आणि त्यातले बहुतेक नष्ट करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने औषधे दान करण्याचे नियम घालून दिले आहेत. त्यांत स्पष्ट आहे की रुग्णाने परत केलेली औषधे दान करू नयेत आणि दानाच्या औषधाला पोहोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत बाकी असावी. जे औषध आपल्या लेकराला देताना आपण दोनदा विचार करू, ते वारल्याच्या लेकराला चालेल असे आपण कोणी मानत नाही. तरी नकळत तसे होते.

त्याऐवजी या वस्तूंना मदत करा: लहान मुलांचा चांगला वजनकाटा, हब कटर, औषध मोजायच्या प्लास्टिकच्या टोपणांची पाकिटे. जून-जुलैत आमच्याकडे वीज जाते, तेव्हा २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे अशी औषधे वाचवायला चांगली थंड पेटी. आणि अडलेल्या रुग्णाला कासा, डहाणू किंवा सिल्वासाच्या मोठ्या रुग्णालयात नेण्यासाठी गाडीभाडे. यांपैकी कशावरही देणाऱ्याचे नाव कोरता येत नाही. पण आमचे काम याच गोष्टींवर चालते.

सहावी गोष्ट

पाच गोष्टी झाल्या. सहावी नोंद. काय दिले, किती दिले, कुठे दिले, किती वाजता, कोणी, कुपीचा बॅच नंबर कोणता. देऊन झाल्यावर, लगेच. देण्याआधी नाही आणि संध्याकाळी आठवून नाही. आणि चूक झाली, तर तीही त्याच शाईत, त्याच रजिस्टरमध्ये.

आता त्या मुलाचे सांगते. तो मोठा झाला. लग्न झाले. उजवा पाय अजूनही उचलून टाकतो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको बाळाला लसीसाठी घेऊन आली आणि तो बाहेर चिंचेखाली उभा राहिला. मी बाळाला लस दिली, रजिस्टर भरले आणि बाहेर गेले. त्याला सांगितले की तुझ्या पायात ताप उतरला नव्हता. माझी सुई नसेला लागली होती. चूक माझी होती आणि मी ती लपवली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या बापाने बकरा दिला होता त्या पायासाठी. दोनदा." मला त्या बकऱ्यांची गोष्ट माहीतच नव्हती. पायाला कोणाची तरी बाधा झाली म्हणून त्या घराने उसने पैसे काढले होते. शेजारच्या एका म्हातारीवर संशय घेऊन तिच्याशी बोलणे टाकले होते. मी त्या दिवशी खरे सांगितले असते, तर मुलाला मोठ्या रुग्णालयात नेता आले असते. पावलाला पट्टी बांधली असती, व्यायाम मिळाला असता, पाय कदाचित बराच सुधारला असता. बकरे वाचले असते. त्या म्हातारीला शेजारी बोलले असते. सुई चुकणे ही एका क्षणाची चूक होती. न सांगणे ही मी तीस वर्षे, रोज केलेली चूक.

त्याने मला माफ केले का, ते मला माहीत नाही. मी विचारले नाही. दीड महिन्याने बाळाची पुढची लस होती, त्या दिवशी तो बायकोबरोबर आत आला आणि बाळाचे पाय त्याने स्वतः धरले. मी त्याला दाखवले, "असे धर." त्याने धरले. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी. बाळ रडले आणि दोन मिनिटांत थांबले. अर्धा तास ते व्हरांड्यात बसले. मी रजिस्टर भरले.

मुलींनो, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, हे सगळ्यांना आठवते. पण तो धर्मशाळेच्या मालकाला सांगून गेला की मी परत येईन आणि वर काही खर्च झाला तर देईन. परत जाऊन विचारणे, हेही सेवेतच येते. उद्यापासून तुमच्यातल्या काही जणी उधव्याकडे जाणार, काही सायवन-गंजाडकडे. लोक तुम्हाला म्हणतील, "बाय, सुई मार." तेव्हा घाई करू नका. नाव विचारा, वजन करा, लेबल वाचा, कागद बघा. गोळीने होत असेल तर गोळीच द्या आणि ती का, ते समजावून सांगा. आणि काही चुकले, तर त्याच दिवशी सांगा. मी रागावेन, डॉक्टर रागावतील. रागावू दे. पण तुमच्यापैकी कोणाचाही रुग्ण तीस वर्षांनी चिंचेखाली उभा राहू नये.

परमेश्वर तुमच्या हातांना बळ देवो आणि तुमच्या जिभेला खरे बोलण्याचे धैर्य देवो.